दवपंखी परत येणार

११ मार्च

जाहिरात पुन्हा मागे घेतली. सत्तेचाळिसावा सेकंद. अठ्ठेचाळिसावा. थांबवली.

धूर आहे. धुरामागे दगडी पायऱ्या. वरच्या पायरीवर कुणीतरी पाठमोरं उभं आहे आणि त्याच्या खांद्याच्या कडेला पांढरं काहीतरी दिसतंय. तीन बारीक रेघा. टोकाला करड्या.

मी मोठ्यानं म्हटलं, "पिसं."

स्वयंपाकघरातून आ-हुईनं विचारलं, "काय?"

"पिसं आहेत. ये, बघ."

"मुळ्याच्या वड्या करपतील."

"करपू देत."

ती हात पुसत आली आणि पडद्यापाशी वाकली.

"धूर आहे."

"धुरामागे बघ."

"कोंबडं असेल कुणाचं," ती म्हणाली आणि परत गेली. पण लगेच गेली नाही. कोंबडं बघायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ ती तिथं उभी होती. हे लिहून ठेवतो. पुढे उपयोगी पडेल.

'सात कड्यांची गाथा' या बाहुल्यांच्या मालिकेचं पंचविसावं पर्व अठरा एप्रिलला सुरू होतंय. जाहिरात आज सकाळी आली, एक मिनिट दहा सेकंदांची. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी पिसांबद्दल आमच्या चाहत्यांच्या मंडळाच्या पानावर लिहिलं. संध्याकाळपर्यंत दोनशे बारा उत्तरं आली. गेली सहा वर्षं त्या पानावर मी, चिउ गुरुजी आणि शू-पेई याशिवाय कुणी फिरकत नव्हतं.

दवपंखी, म्हणजे मालिकेतली पंखवाली माणसं, गेले त्याला अकरा वर्षं झाली. मेले नाहीत. चौदाव्या पर्वाच्या शेवटी त्यांनी आपल्या खोऱ्याचं दार आतून लावून घेतलं. ज्याचं प्रेत पडद्यावर दिसलं नाही तो मेला नाही, हा बाहुल्यांच्या मालिका बघणाऱ्या सगळ्यांचा नियम आहे. माझ्या आजोबांच्या वेळी देवळापुढच्या खेळातही तोच होता.

तेव्हा त्यांना परत आणा म्हणून आम्ही तीन दिवस स्टुडिओच्या फाटकापुढे बसलो होतो. चारशे माणसं. दंडाला पांढरे टॉवेल बांधले होते. टॉवेल आमच्या कारखान्यातले, मीच नेले होते. आ-हुई तैनानहून एकटीच आली होती. तिच्या हातावर तिनं स्वतः शिवलेली शुआंग-याची बाहुली होती, दवपंखींची राणी. तिसऱ्या दिवशी उठताना तिनं मला विचारलं, "टॉवेल परत द्यायचाय का?" पुढच्या वर्षी लग्न झालं. त्यानंतर स्टुडिओच्या लोकांना तिनं शिवलेला तो पोशाख आठवला आणि त्यांनी तिला कपडेखात्यात घेतलं. ती फाटकाच्या आत गेली आणि मी बाहेर राहिलो, असं मी गमतीनं म्हणतो. पहिली काही वर्षं ती हसायची.

आतलं काही बाहेर सांगायचं नाही, घरीसुद्धा नाही, असा कागद तिनं सही करून दिलेला आहे. मी तिला कधी विचारलं नाही. विचारणं तिला अडचणीत टाकणं आहे.

१२ मार्च

थू साहेबांनी खोलीत बोलावलं. कारखाना एप्रिलअखेर बंद. माग व्हिएतनामला जाणार, बिन्ह झुओंगला. तिथे माग लावून चालते ठेवणारे इथले चार जॉबर हवेत.

"पहिला तुलाच विचारतोय," ते म्हणाले. "सात नंबरच्या मागाला तुझ्याशिवाय कुणाचं ऐकायची सवय नाही. बायकोला घेऊन ये. राहायला खोली आहे."

उत्तर एकतीस तारखेपर्यंत द्यायचं.

जेवताना आ-हुईला सांगितलं. घास तोंडात असतानाच ती म्हणाली, "जाऊ या."

"तिथं उकाडा असतो. तुला सहन होत नाही."

"होईल."

"तुझी नोकरी?"

"सोडेन."

"आत्ता? अठरा तारीख आली असताना?"

तिनं वाटीतला भात उगाच इकडून तिकडे केला. "आत्ताच," ती म्हणाली.

ती माझी परीक्षा घेत असावी.

१५ मार्च

दोरीवर कपडे वाळत घालताना तिच्या जाकिटाच्या कॉलरला आतून एक पीस चिकटलेलं सापडलं. बोटाच्या पेराएवढं. पांढरं. टोक करडं.

मी ते खिडकीपाशी उजेडात धरून पाहिलं. टोकाचा रंग दिलेला आहे, निसर्गातला नाही. चौदाव्या पर्वात असाच द्यायचे. बदकाचं पीस, टोक चहात आणि शाईत बुडवायचं. दर पंखाला दोनशे चाळीस पिसं. हे सगळं मला पाठ आहे.

फोटो काढला आणि पुसून टाकला. पानावर टाकला असता तर तिची नोकरी गेली असती. पण चिउ गुरुजींना फोन केल्याशिवाय राहवलं नाही. ते पासष्ट वर्षांचे असताना मंडळात आले, आता शहात्तर. शाळेत भूगोल शिकवायचे. दवपंखींच्या खोऱ्याचा नकाशा त्यांनीच काढला.

"गुरुजी, शपथ घ्या."

"घेतली. काय?"

"पीस सापडलंय. घरात."

ते मटकन खुर्चीत बसल्याचा आवाज आला. मग मागून चिउ काकूंचा आवाज आला, "कोण गेलं?" गुरुजी म्हणाले, "कुणी गेलं नाही गं. येतायत."

आ-हुईच्या उजव्या हाताच्या तीन बोटांना चिरा पडल्यात. मी मलम लावून दिलं. "कशानं?" ती म्हणाली, "टाके उसवताना पातं लागतं." नवं शिवताना उसवावं लागतंच. चांगलं काम करणारा माणूस दहा वेळा उसवतो.

१९ मार्च

सुट्टी. देवळात गेलो. गुरुजी होते, शू-पेई च्याईहून आली होती. ती दातांच्या दवाखान्यात काम करते. अठरा वर्षांची होती तेव्हा फाटकापुढे आमच्या सगळ्यांत जास्त रडली होती. मला थोंगदादा म्हणते.

देवाला विचारायचं ठरलं. नाटक-बाहुल्यांचा देव इथे बाजूच्या गाभाऱ्यात आहे. दोन लाकडी चंद्रकोरी हातात घ्यायच्या, प्रश्न विचारायचा, टाकायच्या. एक पालथी एक उताणी पडली तर हो. दोन्ही पालथ्या तर नाही. दोन्ही उताण्या पडल्या तर देव हसतोय.

मी विचारलं, "दवपंखी परत येणार का?"

दोन्ही उताण्या.

"देव हसला," शू-पेई म्हणाली.

"प्रश्न नीट विचार," गुरुजी म्हणाले. "परत म्हणजे कुठे? आपल्या घरी चहाला? देवाला मोघम चालत नाही. नाव, पत्ता, तारीख."

"पंचविसाव्या पर्वात त्यांचं खोऱ्याचं दार उघडणार का?"

पुन्हा उताण्या.

"थोंगदादा, तुमच्या हाताला घाम आलाय. म्हणून घसरतायत."

"घामानं देव हसत नसतो."

"मग तुमच्याकडे बघून हसत असेल."

रांगेतल्या मागच्या बाई म्हणाल्या, "लवकर आटपा हो. माझ्या सुनेच्या ऑपरेशनचं विचारायचंय."

मी डोळे मिटले आणि साध्यातला साधा प्रश्न केला. "दवपंखी या एप्रिलमध्ये पडद्यावर येणार का?"

हो.

तीनदा सारखं पडलं तरच खरं. तीनदा टाकलं. तीनदा हो.

शू-पेई टाळ्या वाजवत बाहेर पळाली. गुरुजींनी माझा खांदा धरला आणि सोडेचनात. आम्ही तिघांनी बाहेर उभ्यानं कालवांचं आमलेट खाल्लं. गुरुजींनी शुआंग-याची प्रवेशाची ओळ म्हणून दाखवली. पात्र पडद्यावर येताना जी म्हणतं ती.

दव पडतं तेव्हा आवाज होत नाही.
आम्ही आलो होतो का, ते उन्हाला विचारा.

आमलेटवाला म्हणाला, "छान आहे. कुणाच्या दिवसकार्याला म्हणायचंय?"

२२ मार्च

"थू साहेबांना सांगितलंस?"

"अजून नाही."

"का?"

"नऊ दिवस आहेत."

आ-हुई इस्त्री करत होती. इस्त्री उभी करून ठेवली. "आ-थोंग, ते आले असं समज. मग काय होईल?"

मला आमच्या मागच्या खोलीची आठवण झाली. तिथे जुन्या तबकड्यांची खोकी आहेत, आ-हुईनं शिवलेली शुआंग-या काचेच्या पेटीत आहे. पूर्वी शुक्रवारी नवा भाग आला की आम्ही तो तिथं जमिनीवर बसून बघायचो. ती पाय माझ्या मांडीवर ठेवायची. दार लागलं तो भाग आम्ही सात वेळा पाहिला. नंतरचे कमी कमी पाहिले. आता त्या खोलीत झाडायलासुद्धा मीच जातो.

मी म्हटलं, "मग पुन्हा पूर्वीसारखं होईल."

"काय पूर्वीसारखं?"

"सगळं."

तिनं इस्त्रीची वायर काढली. "येणार आहेत की नाहीत, एवढंच सांग," मी म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

"मी सांगू शकत नाही."

तिचे डोळे भरले होते. मी लगेच विषय सोडला. तिला आणखी त्रास द्यायचा नव्हता. पण सांगण्यासारखं काही नसतं तर ती 'नाही' म्हणाली असती. दवपंखींना खोटं बोलता येत नाही. सांगायचं नसलं की ते पंख तोंडावर ओढून घेतात. मी तिला पहिल्यांदा फाटकापुढे पाहिलं तेव्हाच मला वाटलं होतं, ही त्यांच्यातली आहे.

२६ मार्च

आ-हुई लवकर आली. मोरीत जाऊन हात पाण्यात घालून बसली. नळ चालूच होता.

"आज संपलं," ती म्हणाली.

"काय?"

"काम. एक मोठं काम होतं."

मला आनंद झाला, तो मी दाखवला नाही. बाजारात जाऊन तिला आवडणारा खाऱ्या पाण्यातला मासा आणला, आलं घालून वाफवला. तिनं दोन घास खाल्ले.

"आ-थोंग, माझ्याकडे बघून तुला काही कळतं का रे?"

"सगळं कळतं."

ती हसली. हसता हसता तिला ठसका लागला. पाठ चोळावी लागली.

२९ मार्च

आ-खून माझ्या शेजारचे माग बघतो. चहाच्या वेळी म्हणाला, "तू जाणार नसशील तर स्पष्ट सांग. यादीत पाचवा मी आहे. माझी बायको रोज विचारते."

"सोमवारी सांगतो."

"पिसांसाठी ना? कारखानाभर माहीत आहे. अरे लोक बाईसाठी देश सोडत नाहीत, दारूसाठी सोडत नाहीत, तू लाकडाच्या बाहुलीसाठी सोडत नाहीस."

"तुला नाही कळायचं."

"नाहीच कळायचं. माझं लग्न माणसाशी झालंय." सगळे हसले. मीही हसलो. नंतर तो म्हणाला, "रागावू नकोस. वहिनीला काय वाटतं?"

"तिला माहीत आहे मी का थांबतोय."

हे खरं आहे. तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

३१ मार्च

थू साहेबांना नाही म्हणून सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "बायकोला विचारलंस?"

"हो."

"हं," ते म्हणाले. आणखी काही बोलणार होते, बोलले नाहीत. बाहेर आ-खून उभाच होता.

संध्याकाळी आ-हुईला सांगितलं. तिनं जेवणाच्या काड्या वाटीवर आडव्या ठेवल्या.

"बरं," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. तिनं सव्वीस तारखेलाच राजीनामा दिलाय. उद्यापासून जायचं नाही. बिन्ह झुओंगला टॉवेलच्या कडा शिवायचं खातं नवं सुरू होतंय, त्यावर देखरेखीला बाई हवी आहे. थू साहेबांना ती मागच्या आठवड्यात भेटून आली. एकवीस एप्रिलचं विमान.

"माझ्याशिवाय?"

"तुझ्याबरोबर जायचं होतं. म्हणून तर एकतीसपर्यंत थांबले."

मी उठून खिडकीपाशी गेलो. समोरच्या गच्चीवर म्हातारा कबुतरांना दाणे टाकत होता. मी विचार करत होतो आणि मग मला समजलं. राजीनामा सव्वीसला, काम संपलं त्या दिवशी. म्हणजे आता तिच्यावर कागदाचं बंधन नाही. अठरा तारखेला ती माझ्याशेजारी बसून, नुसती प्रेक्षक म्हणून, पूर्वीसारखी बघू शकेल. तिनं एकवीस तारीख घेतलीय. अठराच्या आधीची घेतली नाही.

अठरा तारखेनंतर ती जाणार नाही.

४ एप्रिल

पितरांचा दिवस. दोघं वडिलांच्या थडग्यावर गेलो. आ-हुईनं सगळं गवत मुळासकट उपटलं, शेजारच्या थडग्यांचंही. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी पुन्हा येणारच आहे ते." ती म्हणाली, "म्हणून तर."

उदबत्ती लावून ती बराच वेळ ओठांतल्या ओठांत वडिलांशी बोलली. काय, ते मला ऐकू आलं नाही.

९ एप्रिल

दुसरी जाहिरात आली. दवपंखी नाहीत. नवी जमात आहे, राखमुखी. करडे चेहरे, टक्कल, अंगावर पोती. खाणीत राबणारे गुलाम.

पानावर गोंधळ. अर्धे लोक म्हणतात, मुद्दाम लपवलंय. मीही तेच लिहिलं. मोठी गोष्ट जाहिरातीत दाखवत नाहीत.

दुपारी गुरुजींचा फोन. त्यांचा आवाज बारीक होता.

"थोंग, त्या राखमुखींकडे नीट बघितलंस? थांबवून?"

"नाही."

"हनुवट्या बघ. कानाखाली खाच आहे. म्हातारे कारागीर तशी खाच देत असत, ते गेल्यावर कुणी देत नाही. आणि बारा आहेत. मी मोजले. दवपंखीही बाराच होते."

"गुरुजी, हनुवट्या सगळ्यांच्या सारख्याच असतात."

"मी चाळीस वर्षं मुलांच्या हनुवट्या बघितल्या. नसतात."

"बाहुल्यांचं म्हणतोय मी."

लाकडी डोकं कुणी टाकून देत नाही, हे मलाही ठाऊक आहे. घासतात, पुन्हा रंगवतात, नवं नाव देतात. पण ते पडेल पात्रांचं करतात. पहारेकरी, वाटसरू. राणीचं करत नाहीत.

गुरुजी म्हणाले, "बरं. म्हातारपणी डोळ्यांचा भरवसा नाही." पानावर त्यांनी याबद्दल लिहिलं होतं ते संध्याकाळी काढून टाकलं.

मी थांबवून बघितलं नाही. अठराला बघणारच आहे.

१३ एप्रिल

आ-हुईनं मोठी बॅग उन्हात ठेवली. वास जावा म्हणून, म्हणाली. मी ती आत आणून ठेवली. तिनं पुन्हा बाहेर ठेवली.

१८ एप्रिल

सावकाश लिहितो.

पाच वाजता गुरुजींकडे जमलो. आ-हुई येईल की नाही मला खात्री नव्हती, पण ती आपणहून स्कूटरवर मागे बसली. शू-पेई पांढरा झगा घालून आली होती. चिउ काकूंनी पपईचं दूध केलं होतं. त्या म्हणाल्या, "अकरा वर्षं मी यांचं ऐकतेय. आज येऊ देत बाई एकदाचे, म्हणजे माझी बैठकीची खोली मोकळी होईल."

सहाला भाग सुरू झाला.

आठव्या मिनिटाला खाण आली. राखमुखी रांगेनं वर येतात. सैनिक त्यांना दगडी पायऱ्यांवर उभं करतात. धूर आहे. अठ्ठेचाळिसाव्या सेकंदाच्या पायऱ्या याच. वर पाठमोरा उभा होता तो सैनिकांचा सरदार निघाला. त्याच्या खांद्यावर पिसांची झूल होती. पांढरी, टोकाला करडी.

रांगेत सातवी होती ती. टक्कल, करडा रंग, ओठ रंगवून बंद केलेले. डाव्या कानाच्या पाळीचा टवका उडालेला. बाराव्या पर्वाच्या चित्रणात शुआंग-या हातातून पडली होती तेव्हा उडाला होता. तो केसांआड लपवायचे. आता केस नव्हते.

सरदारानं हात खाली केला. सगळे एकदम मारले. तिला ओळ नव्हती. नाव नव्हतं. ती खड्ड्यात पडली आणि तिच्यावर आणखी दोन पडले. कॅमेरा तिच्यावर थांबला नाही.

शू-पेई म्हणाली, "ही ती नाही. थोंगदादा, सांगा ना, ही ती नाही."

मी पेला खाली ठेवला.

"थोंगदादा, प्रेत दिसलं. आता नियमानं..."

"गप गं," गुरुजी म्हणाले. ते उठले, टीव्हीजवळ गेले, आवाज बंद केला आणि तिथेच पाठमोरे उभे राहिले. चिउ काकू एकेकाकडे बघत होत्या. मग त्यांनी सगळ्यांचे पेले पुन्हा भरले.

मी आ-हुईकडे पाहिलं. ती टीव्हीकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. किती वेळ बघत होती ठाऊक नाही. सुरुवातीपासून असावी.

लगेच निघालो, म्हणून येताना अजून थोडा उजेड होता. साखर कारखान्याच्या जुन्या रुळांशेजारून स्कूटर सावकाश घेतली. मागे बसलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही, ते बरं असतं.

"पिसं कुणी काढली?"

"मी."

"सगळी?"

"चोवीस पंख. झुलीसाठी निवडून घेतली, उरलेली पोत्यांत भरली. दोन मुली मदतीला देणार होते. मी नाही म्हटलं. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नव्हता."

रूळ संपून पूल आला.

"कधी कळलं तुला?"

"जानेवारीत."

"मला का नाही सांगितलंस?"

"सही केली होती."

पुलावर वारा होता. मला वाटलं ती एवढंच बोलून थांबेल.

"आणि तुझ्या हातात पीस होतं, आ-थोंग. मी खिडकीतून पाहिलं. माझी बोटं कापलेली तू पाहिलीस, मलम लावलंस. मी म्हटलं, आता विचारेल, रडतेस का. तू एकदाही विचारलं नाहीस. फक्त येतायत का, एवढंच विचारलंस."

घराजवळचा दिवा लाल होता. थांबलो.

"आ-खूनचं तिकीट निघालं का?" मी विचारलं.

"निघालं."

"आणखी एक जागा..."

"चारच होत्या."

दिवा हिरवा झाला. मागच्या गाडीनं हॉर्न दिला तेव्हा मला कळलं.

१९ एप्रिल

थू साहेबांकडे गेलो. त्यांनी बसायला सांगितलं, चहा दिला, घरचं विचारलं. जागा नाही. पुढच्या वर्षी पाहू, म्हणाले. पुढच्या वर्षी ते स्वतः निवृत्त होणार आहेत, हे दोघांनाही ठाऊक आहे.

मंडळाचं पान गुरुजींनी बंद केलं. मला विचारून केलं. मी हो म्हटलं.

२० एप्रिल

आ-हुई मागच्या खोलीत गेली. किती वर्षांनी. दार लावून घेतलं नाही. मी बाहेरून पाहिलं तर ती जमिनीवर बसली होती, पाय लांब करून.

मी आत जाऊन शेजारी बसलो. तिनं पाय आवरून घेतले, मला जागा व्हावी म्हणून.

"ही नेणार का?" मी काचेच्या पेटीकडे बोट दाखवलं.

"नको. तुझ्याकडे असू दे."

"मलाही नको."

"मग गुरुजींना दे."

"काकू मारतील त्यांना."

ती हसली. मीही. बाहेर कुल्फीवाल्याची गाडी येऊन गेली.

२१ एप्रिल

विमानतळाची बस सहा चाळीसची. बॅग मी ठेवली. तिथं आ-खून होता, त्याची बायको होती, दोन मुलं होती, सासू होती. सगळे एकदम बोलत होते. आ-खूननं मला बाजूला घेतलं, म्हणाला, "वहिनीची काळजी करू नकोस. आम्ही आहोत." मी मान हलवली.

"पोहोचलीस की फोन कर."

"करते."

"मी पुढच्या वर्षी बघतो काही."

"बघ."

"आ-हुई, मी विचारायला हवं होतं."

तिनं माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली. ती सरळच होती. "आता नको," ती म्हणाली. "बस भरलीय."

ती उजव्या बाजूला बसली. मी डाव्या बाजूला उभा होतो. मी बसला वळसा घालून गेलो तोवर बस निघाली होती.

रात्री फोन आला. पोहोचली. खोलीला पंखा आहे.

२२ एप्रिल

सकाळी साडेसातला कारखान्यात गेलो. सात नंबरचा माग सोडवायला चार माणसं लागली. दुपारी तो पेटीत बसला. पेटीवर बिन्ह झुओंगचा पत्ता मी लिहिला.